शमशुद्दीन चावीवाल्याचा कान

अर्शीनं वही गुडघ्यावर टेकवली आणि बापाला विचारलं, "अब्बा, इंग्रजीत 'हिअर' आणि 'लिसन' असे दोन शब्द हायेत. फरक काय सांगा बघू."

शमशुद्दीन बोजगर उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होता. त्यानं मान वळवून डावा कान तिच्याकडं केला. उजवा कान पाच वर्षांपूर्वीच बंद पडला होता. "मला विचारतीस? मी सातवी नापास. तुझ्या मॅडम फी कशाची घेतात मग?"

"त्यांनीच सांगितलंय. पुस्तकातली वाक्यं चालणार न्हाईत, घरातली पायजेत. एकेका शब्दाची दहा. दोन्हींचा अर्थ नुसता 'ऐकणं' असा लिहिला तर पान फाडून हातात देतात."

अर्शी एका खासगी दवाखान्यात नर्स होती. आयर्लंडला नोकरी मिळवायची तर आधी इंग्रजीची परीक्षा, म्हणून ती राजारामपुरीत अवंतिका मॅडमांच्या क्लासला जायची. आई वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. सुट्टीच्या दिवशी तिचा अभ्यास असा मोठ्यानं चालायचा आणि शमशुद्दीनला तो आवडायचा. शब्द परके असले तरी पोरीचा आवाज घरभर फिरायचा.

"मॅडम काय म्हणाल्या, ते तर सांग."

"'हिअर' म्हणजे आवाज आपला आपण येतो. तुम्ही जेवत असा, झोपलेले असा, तुमची मर्जी न विचारता कानात शिरतो. आणि 'लिसन' म्हणजे तुम्ही मुद्दाम कान देता."

शमशुद्दीननं सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "एवढंच व्हय? ऐकू येणं आणि ऐकणं. अगं, ह्या फरकावर तर पाणीखात्यानं मला एकतीस वर्षं पोसलं."

अर्शी हसली आणि पेन उघडलं. "मग सांगा वाक्यं. मी इंग्रजी करते."

"लिही. पाण्याचा आवाज येतोय."

"आय कॅन हिअर वॉटर."

"मी नळाला कान लावून बसलोय."

"आय ॲम लिसनिंग टू द पाइप. बघा, इथं 'टू' लागतं. 'हिअर'ला लागत न्हाई."

शमशुद्दीननं जरा विचार केला. "बरोबर हाय की. कान द्यायचा म्हटलं तर कुणाला द्यायचा ते सांगाय पायजे. आवाज आपणहून आलाय म्हटल्यावर त्याला पत्ता कशाला?"

"आणि ते 'इंग' फक्त 'लिसन'ला लावायचं. 'आय ॲम हिअरिंग' म्हटलं की मॅडम डोक्याला हात लावतात. चालू काम असेल तर 'इंग'. ऐकू येणं हे आपलं काम न्हाईच, असं त्या म्हणतात."

"बाई हुशार हाय," शमशुद्दीन म्हणाला. "पाणीखात्यात पायजे हुती."

शनिवार पेठेतल्या हौदगल्लीत शमशुद्दीनला सगळे चावीवाला म्हणूनच ओळखत. छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटेपासून फिरायचा, रस्त्यातली झाकणं उचलून व्हॉल्व्ह उघडायचा आणि मिटायचा. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी, हे लोकांना त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. पण त्याच्याकडं आणखी एक काम होतं आणि ते खात्यात दोघांनाच जमायचं. जमिनीखाली नळ फुटला आणि पाणी वर दिसेना, की गळती नेमकी कुठं आहे ते ऐकून सांगायचं.

हे काम त्याला शिकवलं मुकादम माधवरावांनी. माधवराव पेठ वडगावचे. उजवा खांदा एकदा निखळून नीट न बसलेला, बोलणं कमी, पान जास्त. त्यांच्याजवळ पाच फुटी लोखंडी कांब होती, वरच्या टोकाला लाकडी गोळा बसवलेली. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, लाकडी गोळा कानामागच्या हाडाला लावायचा आणि श्वास धरायचा. कानाच्या भोकाशी नेलं तर वाराच जास्त ऐकू येतो, असं ते सांगत. त्यांचे नियमही ठरलेले होते. पहिल्यांदा जे ऐकू येईल ते धरायचं नाही. चहा पिऊन यायचं आणि मग ऐकायचं. दुसऱ्या माणसाला ऐकवायचं, पण काय ऐकायचं ते त्याला आधी सांगायचं नाही. आणि एका दमात तीस मोजून व्हायच्या आत कांब उचलायची.

शेवटची खात्री करायची ती व्हॉल्व्ह मिटून. त्या काळात खिशात फोन नव्हते. एकजण कांबेशी बसे, दुसरा दोन गल्ल्यांपलीकडं व्हॉल्व्हपाशी. व्हॉल्व्ह पुरता मिटला की माधवराव चावीनं त्याच्या डोक्यावर तीन टोले देत. तीन म्हणजे, मिटलंय, ऐक. लोखंडातून तो आवाज पळत शमशुद्दीनपर्यंत येई. मग पाणी गप्प झाल्यावर काय उरतं, ते तो ऐके आणि पान्यानं कांबेवर दोन टोले देई. दोन म्हणजे, झालं, उघड. माधवरावांचा तिसरा टोला जरा मागं राहायचा, खांद्यामुळं. टक, टक... टक. हे इतकं अंगात मुरलं की घरी बायकोनं पातेल्यावर उलथनं तीनदा आपटलं तर शमशुद्दीनची बोटं ताटाच्या काठावर दोनदा वाजत, आणि वाजल्यावर त्याच्या ध्यानात येई.

तीस मोजण्याचा नियम शमशुद्दीननं एकदाच मोडला होता, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. कोल्हापूर हे मूळचं तळ्यांचं गाव. कितीतरी तळी बुजवून वर बाजार बसले, मैदानं झाली, घरं उठली. अशाच एका बुजवलेल्या तळ्यावरच्या रस्त्यात तो कांब लावून बसला आणि मोजायचं विसरला. आधी त्याला नळातलं पाणी ऐकू आलं. मग ते मागं पडलं आणि खालून घागर दगडाला लागल्यासारखा आवाज आला, परत आला, आणि पाठोपाठ बायकांचं बोलणं, दोघी-तिघींचं, शब्द न कळणारं. माधवरावांनी कांब त्याच्या हातातून ओढून काढली. शमशुद्दीननं जे ऐकलं ते सांगितलं, तेव्हा ते कांब धोतरानं पुसत एवढंच म्हणाले, "तळं बुजवलं हे माणसाला ठाव हाय. तळ्याला कोण सांगितलंय?"

माधवराव जाऊन नऊ वर्षं झाली. शमशुद्दीन निवृत्त झाला, कांब माळ्यावर गेली, उजवा कान बंद पडला.

आता रोशनबीची गोष्ट.

रोशनबी शमशुद्दीनची थोरली बहीण. वय बहात्तर. हौदगल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर, नवऱ्यामागं ती तिथं एकटी राहायची आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या वाकळी शिवायची. तिचा टाका एवढा बारीक की सरळ रेघ मारल्यासारखा दिसे. गल्लीला हौदगल्ली म्हणत, पण तिथला हौद की आड, काय होतं ते, जिवंत माणसात कुणी पाहिलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी रोशनबीला स्वैपाकघराच्या फरशीखालून ठोकल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही आला. साधारण तीनच्या सुमाराला, गल्ली निजलेली असताना. तिनं समोरच्या आक्काला सांगितलं. आक्का म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र.

"उंदीर असंल गं," आक्का म्हणाली.

"उंदीर मोजून ठोकतो व्हय? तीन ठोकतो आणि थांबतो."

"मग शिकलेला उंदीर असंल. नाव घाल शाळेत."

गल्ली हसली. रोशनबीनं पुण्याला मुलाला फोन केला. तौसीफ संगणकाच्या कंपनीत होता, कामात होता. पाच महिने तो "हां अम्मी, हां" म्हणत राहिला. मग ऑक्टोबरात त्यानं आक्कालाच फोन लावला, आणि आक्कानं आपल्या परीनं सगळं रंगवून सांगितलं: म्हातारी दुपारभर फरशीकडं बघत बसती, मध्येच मान डोलावती. तौसीफनं ठरवलं. येत्या रविवारी गाडी घेऊन यायचं, आईला पुण्याला न्यायचं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं, घराला कुलूप.

रोशनबी शुक्रवारी भावाकडं आली. पदरात हात गुंडाळून बसली. "शमशू, मला येडी ठरवून न्यायलाय त्यो. पन्नास वर्षं काढली मी त्या घरात. तिथं पुण्यात चौथ्या मजल्यावर मला कोण वळखतंय? तू एकदा कांब लावून बघ. तू न्हाय म्हणालास, तर मी तोंडातनं शब्द न काढता गाडीत बसते."

"आपा, माझा एक कान गेलाय."

"एक हाय न्हवं?"

शमशुद्दीननं माळ्याकडं पाहिलं. गेले सहा महिने तो हेच टाळत आला होता. आपण कांब लावली आणि काही ऐकू आलं नाही, तर दोष आवाजाचा की कानाचा, हे कसं ठरवायचं? आणि आलं, तर एका म्हाताऱ्याच्या जोडीला दुसरा, एवढंच गल्ली म्हणणार.

त्याच दुपारी तो अर्शीला घेऊन बहिणीकडं गेला, कांब न घेता. रोशनबी वाकळ शिवत होती. पावणेतीनला तिची सुई थांबली. तिनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि फरशीकडं बघत बसली. कुणी पाहुणं यायचं असलं की माणसाचा चेहरा होतो तसा तिचा झाला होता.

"आज उशीर केला," ती पुटपुटली.

अर्शी बापाच्या डाव्या कानाशी वाकली. "अब्बा, मॅडमनी काल आणखी एक सांगितलं. 'लिसन'नंतर 'टू' आलं तर आवाज चालू हाय आणि आपण तो ऐकतोय. 'फॉर' आलं तर आवाज अजून आलेलाच न्हाई. तो येईल म्हणून आपण कान लावून बसलोय."

"म्हंजे हिचं?"

"फुफीचं 'फॉर' झालंय."

ऐकू येतं तोवर माणूस आपल्या जागी असतो, हे तो जाणून होता. आवाजासाठी तयार होऊन बसलेली बहीण त्यानं पहिल्यांदाच पाहिली. रविवारी कांब काढायची, हे त्यानं तिथंच ठरवलं.

रविवारी एकच्या सुमाराला तौसीफची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. जेवणं झाली. तौसीफ भांडला नाही, तो मुळात सरळ मुलगा. मामूच्या हातातली कांब बघून त्यानं फक्त भुवया वर केल्या.

"अम्मी, मामूंना ऐकू दे. पण मग निघायचं. चारच्या आत."

"शमशू न्हाय म्हणाला तर निघायचं," रोशनबी म्हणाली. "व्हय म्हणाला तर तू माफी मागायची, आक्कासमोर."

"आणि मी काय लुगडं न्हेसून येऊ काय त्या वक्ताला?" दारातून आक्का म्हणाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला बोलवावं लागतच नसे.

तीनला दहा मिनिटं होती. शमशुद्दीननं स्वैपाकघरातली शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसली, कांबेचं टोक मधोमध टेकवलं आणि गोळा डाव्या कानामागं लावला. श्वास धरला. काही नाही. गल्लीतल्या नळात उरलेल्या पाण्याची बारीक कुरकुर, वरच्या पत्र्यावर कावळा, बस्स. त्यानं सवयीनं बाजू बदलली. उजव्या कानामागच्या हाडाला गोळा टेकला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

खूप खाली, रांजणाच्या तळाशी कुणी बोट वाजवावं तसं: टक, टक... टक.

थांबलं. त्यानं अकरा मोजले. परत तीन.

तीस व्हायच्या आत त्यानं कांब उचलली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि म्हणाला, "चहा टाक, आपा."

चहा झाल्यावर तो पुन्हा बसला. तेच. मग त्यानं अर्शीला खुणेनं बोलावलं, काही न सांगता गोळा तिच्या कानामागं लावला आणि आपण मोजत उभा राहिला. बारा झाले तेव्हा अर्शीचे ओठ किंचित उघडले. पंचविसाला त्यानं कांब काढून घेतली आणि तिला मागच्या दारी नेलं.

"तीन," ती म्हणाली. "मग थांबतं. मग परत तीन. तिसरा जरा मागं राहतो."

"तुलाबी मागं राहिला व्हय?"

"हो. अब्बा, पण तुमचा उजवा कान..."

"त्येनंच ऐकू आलं. डाव्यानं न्हाय."

"तसं होतं," ती पटकन म्हणाली, नर्सच्या आवाजात. "तुमच्या उजव्या कानातली बारकी हाडं जाम झाल्यात. हवेतला आवाज अडतो, हाडातनं येणारा पोचतो, उलट जास्तच पोचतो. डॉक्टर चिमटा वाजवून कपाळाला लावतात न्हवं का, तेच बघायला." एवढं सांगून तिला जरा धीर आला. मग ती उगाच हसली. "मॅडमना वाक्य कसं लिहू? 'आय हर्ड समवन नॉक' की 'नॉकिंग'? ठोकून संपलं आणि आपण ते सगळं ऐकलं, तर 'नॉक'. मधेच कानावर पडलं, आणि ते चालूच असेल, तर 'नॉकिंग'."

"चालूच हाय," शमशुद्दीन म्हणाला.

आता शेवटची खात्री राहिली होती. व्हॉल्व्ह मिटला आणि ठोकणं थांबलं, तर ते आपल्या नळाचं पाणी. सांधा बदलायचा, रोशनबी शहाणी ठरली, घर तिचं. शमशुद्दीननं कांबेबरोबर आणलेली जुनी चावी तौसीफच्या हातात दिली. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाजवळ झाकण आहे, ते उचल, चावी बसव आणि उजवीकडं फिरवत राहा, फिरायची थांबली की परत ये, असं त्याला नीट समजावलं. तौसीफ शर्टाच्या बाह्या दुमडत गेला. आक्का त्याला झाकण दाखवायला म्हणून गेली, म्हणजे बघायला.

शमशुद्दीन गुडघ्यावर बसला. पाना शेजारी ठेवला. रोशनबी ओट्याला टेकून उभी, अर्शी दारात. त्यानं गोळा हाडाला लावला.

ठोकणं थांबलेलं होतं. नळातली कुरकुरही थांबली होती. मिटल्यावर लोखंडात जी शांतता येते ती त्याच्या ओळखीची होती, आणि तो तिच्यात सवयीनं शिरला, चाळीस वर्षांपूर्वीसारखा. मनात म्हणाला, पोरगं कामाचं निघालं, लवकर मिटवलं.

मग आवाज आला. या खेपेला तो खालून अंधुक नव्हता. जवळ होता, स्वच्छ, लोखंडावर लोखंड पडावं तसा. टक, टक... टक.

शमशुद्दीनच्या हातानं पाना उचलला आणि कांबेवर दोन टोले दिले.

घरात एकदम गार वाटलं. दारात पावलं वाजली. तौसीफ होता, घामाघूम, रिकाम्या हातानं.

"मामू, जाम आहे. बोटभरसुद्धा फिरली नाही. गंजलाय तो व्हॉल्व्ह."

शमशुद्दीननं हळूच मान वर केली. "मग ठोकलंस कशाला?"

"काय ठोकलं?"

"तीन टोले."

"मी कशाला ठोकू? चावी तिथंच टाकून आलो. आक्का बसल्यात राखायला."

अर्शी बापाच्या हाताकडं बघत होती. पाना अजून त्याच्या मुठीत होता. टोले द्यायला तर आपण या पोराला सांगितलंच नव्हतं, हे शमशुद्दीनला आठवलं. त्याला कुठलं ठाऊक असणार? आणि आपण उत्तर काय दिलं, हेही आठवलं. गुडघ्याखालची फरशी ओली वाटत होती, वर पाणी नसताना.

तो उठला. "भाईर. सगळे भाईर व्हा."

"काय झालं, शमशू? हाय का न्हाय, ते सांग की आधी!"

"हाय आपा, हाय. भाईर चल."

"अरे, गॅसवर दूध हाय..."

अर्शीनं गॅस बंद केला. शमशुद्दीननं बहिणीचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच उंबऱ्याबाहेर काढलं. आयुष्यात त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चौघं रस्त्यात उभी राहिली. खांबापासून आक्का चावी ओढत आली.

"काय ओ पावणं, वरात कुणाची?"

उन्हात गल्ली होती तशी होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. रोशनबीनं मनगट सोडवायचा प्रयत्न केला. "माझी वाकळ आत राहिली. सोड. हात मोडतोस काय?"

"नको, आपा."

तौसीफनं घाम पुसला. तो कंटाळला होता आणि त्याला वाईटही वाटत होतं. "मामू, गाडीत जागा आहे. तुम्ही पण चला पुण्याला. दोघांना एकदमच दाखवू."

आक्का फिसकन हसली आणि मध्येच थांबली. उंबऱ्याखालून पाणी येत होतं.

फुटलेल्या नळाचं पाणी लाल येतं, मातीचं. शमशुद्दीननं ते हजारदा पाहिलं होतं. हे निवळशंख होतं. घाई न करता ते पायरीवरून उतरलं आणि रोशनबीच्या चपलांभोवती गोळा झालं. मग आतून आवाज आला, थकलेल्या माणसानं बसताना सोडावा तसा एक लांब सुस्कारा, आणि स्वैपाकघराची फरशी दिसेनाशी झाली. ओटा गेला, मागची भिंत अर्धी गेली. धुरळा असा उठलाच नाही, सगळं ओलं होतं.

थोड्या वेळानं तौसीफनं दारातून डोकावून पाहिलं. खाली दगडी पायऱ्या होत्या, उतरत गेलेल्या, मधोमध झिजलेल्या. पाणी वरून तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं.

पाचला पाणीखात्याचे इंजिनिअर आले. चांगला, समंजस माणूस. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. जुनी पायऱ्यांची विहीर, केव्हातरी वर फरसबंदी करून मिटवलेली. वळवाच्या पावसापासून पाणी वर चढत गेलं, आत कोंडलेली हवा दगडावर आपटायची, तोच तो आवाज. कांबेवर ठोकलं त्यावेळी फरशी निसटायच्या बेतातच असणार. सगळ्यांना पटलं. इंजिनिअरनी दाराला लाल फीत बांधली आणि शमशुद्दीनला नमस्कार केला. "काका, तुम्ही होता म्हणून माणसं वाचली." तौसीफनं आक्कासमोर आईची माफी मागितली. आक्काच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मी उंदीर म्हटलं गं बाई," आणि परत परत तेच म्हणत राहिली.

मगरीबची नमाज झाल्यावर चौघं शमशुद्दीनच्या घरात बसली. अर्शीनं खिचडी लावली. तौसीफनं ताटं मांडली. मग त्यानं विचारलं, "मामू, एक कळलं नाही. पाणी नंतर आलं. फरशी त्याच्याही नंतर गेली. तुम्ही आम्हाला आधीच बाहेर काढलंत. तुम्हाला कसं कळलं?"

अर्शीनं मान खाली घातली. शमशुद्दीनच्या तोंडावर एक साधं उत्तर आलं होतं. अनुभव, असं म्हटलं की झालं. इंजिनिअरांचं म्हणणं त्याच्या मदतीला उभं होतंच. खरं सांगितलं तर गाडीत त्याच्यासाठीही जागा होती, ते तौसीफनं दुपारीच सांगून ठेवलं होतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. सहा महिने ती खरं सांगत आली होती आणि सहा महिने गल्लीबरोबर तोही ते न ऐकल्यासारखं करत आला होता.

त्यानं सगळं सांगितलं. माधवराव, तीन टोले, मागं राहणारा तिसरा टोला, आणि आपल्या हातानं न विचारता दिलेले दोन. "दोन म्हंजे उघड," तो म्हणाला. "मी खाली कुणाला तरी उघड म्हणालो, तौसीफ. म्हणून पळालो."

तौसीफ हसला नाही. त्यानं आईकडं बघितलं. रोशनबी भिंतीला टेकून बसली होती. घर गेलेल्या बाईचा चेहरा असा शांत असेल, असं कुणाला वाटलं नसतं.

"बरं केलंस, शमशू," ती म्हणाली. "सहा महिने विचारत होता बिचारा. मला उत्तर ठाव न्हवतं."

खिचडीचं झाकण थडथडलं, अर्शीनं ते बाजूला केलं. तौसीफ उठला. दुपारी गाडीत ठेवलेली आईची बॅग बाहेरून घेऊन आला आणि हातात धरून उभा राहिला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. "कुठं ठेवू, अम्मी? इथं कोपऱ्यात?"

रोशनबीनं पायाखालच्या फरशीकडं पाहिलं.

"वर ठेव, माडीवर," ती म्हणाली. "मी वरच निजत जाईन."

तौसीफ बॅग घेऊन लाकडी जिना चढला. त्याची पावलं वर पोचून थांबेपर्यंत खाली तिघंही ती ऐकत राहिली.